तीन आठवड्यांत अनुदान, आणि त्याआधीचे सहा महिने

बडोद्याच्या खंडेराव मार्केटमधून मक्याचं पीठ आणि गूळ आणायचा. त्यात यीस्ट आणि आगर घालून पाण्यात ढवळत शिजवायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. जरा निवलं की बुरशी लागू नये म्हणून प्रोपिऑनिक ॲसिड घालायचं. घाई करून उकळत्यात टाकलंत तर ते वाफेबरोबर उडून तुमच्याच डोळ्यांत जातं. मग काचेच्या नळ्यांत बोटभर ओतायचं आणि वर मलमलीचं फडकं टाकून रात्रभर सुकू द्यायचं. हा ड्रॉसोफिलाचा, म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांचा स्वयंपाक. माझी आई एकदा प्रयोगशाळेत डोकावली तेव्हा म्हणाली, "सांजा पातळ झालाय रे."

वृद्धत्वाच्या संशोधनात बडोद्यातून शिरायचं तर दार बहुधा हेच. मी इथल्या एका कॉलेजात शिकवतो. एमएस्सी, पीएचडीची मुलं दर वर्षी विचारतात, "सर, बाहेर तीन आठवड्यांत ग्रँट देतात म्हणे. आपल्याला मिळेल?" मिळू शकते. पण तीन आठवड्यांत मंजूर झालेला पैसा तुमच्या नळीपर्यंत पोचायला किती दिवस लागतील, हे देणाऱ्याच्या हातात नसतं. ते तुमच्या संस्थेच्या पहिल्या मजल्यावर, अकाउंट्समध्ये ठरतं. म्हणून मी सांगतोय तो क्रम थोडा उलटा वाटेल: अर्ज जवळजवळ शेवटी येतो.

आधी, हा पैसा असतो कसा

नेहमीचं सरकारी अनुदान सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत आरोग्य-संशोधनाला पैसा देणाऱ्या एनआयएच या सरकारी संस्थेकडे अर्ज केल्यापासून पैसे हातात येईपर्यंत नऊ महिने सहज जातात आणि आपल्याकडचा अनुभव याहून बरा नाही. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत, अर्थशास्त्रज्ञ टायलर कोवेन, उद्योजक पॅट्रिक कॉलिसन आणि संशोधक पॅट्रिक शू यांनी फास्ट ग्रँट्स ही झटपट अनुदानाची योजना सुरू केली. अर्ज अर्ध्या तासात भरून व्हायचा आणि उत्तर ४८ तासांत. रक्कम १० हजार ते ५ लाख डॉलर. पुढे त्यांनी पैसे मिळालेल्या शास्त्रज्ञांना विचारलं तेव्हा ५७ टक्के लोक म्हणाले की आमचा पाव हिश्श्याहून जास्त वेळ अनुदानाचे अर्ज लिहिण्यात जातो. माझा तर त्याहून जास्त जात असेल, पण मला कोणी विचारलं नाही.

तोच साचा वृद्धत्वाच्या संशोधनासाठी २०२१ मध्ये लाडा नुझ्ना यांनी इम्पिटस ग्रँट्स म्हणून उचलला: रक्कम तेवढीच, निर्णय तीन आठवड्यांत. व्हिटाडाओ नावाचा गट त्याच वर्षी उभा राहिला. तिथे सभासद मतदान करून सुरुवातीच्या प्रयोगांना पैसे देतात. इमर्जंट व्हेंचर्स ही अनुदान योजना फक्त या विषयाची नाही, पण तिची भारतासाठी वेगळी शाखा आहे, ती श्रुती राजगोपालन बघतात, आणि अर्ज छोटा असतो. या योजना फेऱ्याफेऱ्यांनी उघडतात आणि मिटतात, म्हणून लिहायला बसण्याआधी सध्या फेरी चालू आहे का ते बघा.

आपल्याकडचे पर्याय हळू चालतात, पण त्यांना एक गुण आहे, तो पुढे खात्याच्या भागात कळेल. गुजरात सरकारची शोध योजना पीएचडीच्या विद्यार्थ्याला महिना १५,००० रुपये आणि वरखर्चाला वर्षाला २०,००० देते. गांधीनगरचं गुजकॉस्ट, म्हणजे राज्याची विज्ञान-तंत्रज्ञान परिषद आहे. विद्यार्थ्यांच्या नमुना-प्रयोगांसाठी राज्याचं एसएसआयपी धोरण आहे. कल्पनेतून पुढे कंपनी निघण्यासारखी असेल तर बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेची बिग योजना आहे, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. बंगळुरूच्या आयआयएस्सीत लाँजेविटी इंडिया हा उपक्रम चालतो. पैसा नाही तरी ओळखी आणि सल्ला तिथून मिळू शकतो, आणि सुरुवातीला त्याची किंमत कमी नसते.

पायरी पहिली: एवढ्या वेळात मरणारा प्राणी निवडा

हे वाक्य क्रूर वाटतं, पण अर्ज परत येण्याचं पहिलं कारण हेच असतं. आयुष्य वाढलं का हे बघायचं तर प्राणी मरेपर्यंत थांबावं लागतं. उंदीर दोन ते तीन वर्षं जगतो. २००९ मध्ये रॅपामायसिन या औषधाने उंदरांचं आयुष्य वाढतं हे अमेरिकेतल्या तीन केंद्रांनी मिळून दाखवलं. औषध ६०० दिवसांच्या, म्हणजे म्हाताऱ्या उंदरांना सुरू केलं होतं आणि तरी माद्यांमध्ये १४ टक्के, नरांमध्ये ९ टक्के फरक पडला. सुंदर काम, पण ते तुमच्या दहा हजार डॉलरमध्ये होणारं नाही. सी. एलिगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा कृमी २० अंशांवर दोन-तीन आठवडे जगतो. १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांच्या प्रयोगशाळेने एका जनुकातल्या बदलाने त्याचं आयुष्य दुप्पट झाल्याचं दाखवलं ते त्यामुळेच शक्य झालं. चिलट २५ अंशांवर दोन-तीन महिने काढतं.

बडोद्यासाठी माझं मत चिलटांच्या बाजूने. कृमीला वर्षभर २० अंश लागतात, आणि आमच्या मेमध्ये बाहेर ४४ असताना खोलीतला बीओडी इन्क्युबेटर, म्हणजे तापमान राखणारं कपाट, धापा टाकतो. शिवाय पावसाळ्यात कृमींच्या प्लेटवर बुरशी चढते. चिलटांचे वाण मिळवणंही सोपं, म्हैसूर विद्यापीठात ड्रॉसोफिलाचं स्टॉक सेंटरच आहे.

प्राणी ठरला की प्रश्न इतका लहान करा की त्याचं उत्तर 'नाही' असं येऊ शकेल. "अश्वगंधाचा वृद्धत्वावर होणारा परिणाम" हा प्रश्न नव्हे, तो प्रबंधाचा मथळा आहे. आमच्या एका विद्यार्थिनीने असा प्रश्न काढला होता: यीस्ट कमी केलेल्या आहारावर माशी (म्हणजे हेच चिलट) जास्त जगते हे २५ अंशांवर पुन्हा पुन्हा दिसलंय, पण बडोद्याच्या उन्हाळ्यासारखं रोज चार तास ३२ अंशांना ठेवलं तर तो फायदा टिकतो का? मला हा प्रश्न फार आवडला. तो इथलाच आहे, एका ओळीत मावतो, आणि उत्तर होय आलं काय किंवा नाही आलं काय, कोणाला तरी उपयोगी पडतं.

पायरी दुसरी: आपल्या प्रयोगातली खोट आपणच काढा

या पायरीवर जास्त थांबतो, कारण झटपट अनुदान देणारा परीक्षक तुमचा बायोडेटा फारसा बघत नाही. तो विचारतो: हा माणूस स्वतःला फसवेल का?

समजा तुम्ही माश्यांच्या जेवणात एखादा काढा मिसळला आणि माश्या पंधरा दिवस जास्त जगल्या. आनंदाने पेढे वाटाल. पण काढा कडू होता. माश्या कमी जेवल्या. कमी जेवणारा प्राणी जास्त जगतो, हे क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्येच उंदीरवर्गीय प्राण्यांवर दाखवलंय. तुमच्या काढ्याने काहीच केलं नाही, त्याच्या चवीने केलं. म्हणून जेवणात निळा खाद्यरंग मिसळून माश्यांच्या पोटात किती गेला ते मोजायचं, दोन्ही गटांत. दोन दिवसांचं काम आहे आणि खर्च अगदी किरकोळ, पण अर्जात ही एक ओळ असली की वाचणारा सरसावून बसतो.

कृमींमध्ये याच जातीची वेगळी फसगत होते. कृमी जिवाणू खातात. औषधाने जिवाणूच बदलला तर कृमीचं आयुष्य बदलतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा कृमींवरचा परिणाम बराचसा जिवाणूंमार्फत होतो हे २०१३ मध्ये दिसलं.

आणि काढ्यांबद्दल एकदाच बोलून घेतो. आपल्याला आपल्या वनस्पतींचा अभिमान असतो, असावा. पण "अर्क" म्हणजे काय? कुठल्या झाडाचा, कुठल्या महिन्यातला, कशात काढलेला? पुढच्या वर्षी तोच अर्क पुन्हा मिळेल का? ही उत्तरं नसतील तर शुद्ध रेणू घ्या. द्राक्षांत सापडणाऱ्या रेस्व्हेराट्रॉल या रेणूचंही लक्षात ठेवा. यीस्टमधल्या २००३ च्या निकालानंतर त्याच्यामागे एवढा गवगवा झाला की २००८ मध्ये त्यावर उभी असलेली कंपनी ७२ कोटी डॉलरना विकली गेली. आणि साधा आहार घेणाऱ्या उंदरांवर नीट तपासलं तेव्हा आयुष्य वाढलं नाही.

मोजणीबद्दल दोनच गोष्टी. नळ्यांवर गटाचं नाव लिहायचं नाही, आकडे लिहायचे आणि किल्ली दुसऱ्याकडे ठेवायची; मोजणाऱ्याला कुठला गट ते कळता कामा नये. आणि नळी बदलताना निसटून गेलेली माशी मेलेली धरायची नाही, जिवंतही धरायची नाही. ती त्या तारखेपर्यंत जगली एवढंच नोंदवायचं. किती दिवसांनी किती जिवंत उरल्या हे दाखवणाऱ्या कॅप्लन-मायर आलेखात तिच्यासाठी जागा असते.

पायरी तिसरी: पैसा कुठल्या खात्यात उतरणार?

इथे माझीच गोष्ट सांगतो. बाहेरच्या एका लहान देणगीदाराकडून मंजुरीची मेल आली, अर्ज केल्यापासून अठराव्या दिवशी. मी सेवउसळ मागवली. दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन मी त्या वेळच्या माझ्या संस्थेच्या अकाउंट्समध्ये गेलो. तिथल्या बेनने पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "साहेब, आपणे त्यां एफसीआरए नथी." म्हणजे आपल्याकडे ती नोंदणीच नाही. पुढचे सात महिने ते पैसे बाहेरच राहिले आणि शेवटी परत गेले.

परदेशातून येणारं अनुदान एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येतं. संस्थेकडे त्याची नोंदणी हवी, किंवा पूर्वपरवानगी, किंवा सरकारने तिला सूट दिलेली असायला हवी. नोंदणी असली तर पैसा थेट तुमच्या गावच्या शाखेत येत नाही, तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यात उतरतो. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला असा पैसा घेऊन दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे "आपण मित्राच्या ट्रस्टमधून घेऊ" ही युक्ती बंद. कोणी सुचवली तर हात जोडा आणि बाहेर या.

तेव्हा अर्ज उघडण्याआधी एक दुपार काढा आणि अकाउंट्समध्ये जाऊन चार प्रश्न विचारा. आपली एफसीआरए नोंदणी चालू आहे का आणि कधी संपते? बाहेरच्या अनुदानावर संस्था ओव्हरहेड, म्हणजे स्वतःच्या खर्चाचा वाटा, किती कापते? या प्रकल्पाचा हिशोब वेगळा ठेवता येतो का? आणि किती रुपयांपर्यंत कोटेशनशिवाय खरेदी करता येते? उत्तरं तोंडी घेऊन निघू नका, मेल करून लेखी मागा. आणि जाताना हसत जा. प्रकल्प चालवण्यात सगळ्यात जास्त मदत मला कायम त्या टेबलावरच्या माणसांनीच केलीय, त्या बेननीसुद्धा. त्यांनी नियम सांगितला, तो बनवला नव्हता.

नोंदणी नसेल तर? मग आधी देशी पैसा घ्या. मघाशी म्हटलं तो गुण हाच: शोध, गुजकॉस्ट, बायरॅक यांच्या पैशाला एफसीआरएचा संबंध नाही. किंवा नोंदणी असलेल्या संस्थेतल्या प्राध्यापकांना मुख्य संशोधक करून तुम्ही सहसंशोधक व्हा. प्रयोग तिथेच करावा लागेल, अहंकार थोडा दुखेल.

पायरी चौथी: परवानग्या

चिलटं आणि कृमी यांना पाठीचा कणा नाही, म्हणून प्राणी-प्रयोगांच्या समितीची परवानगी लागत नाही. सुरुवातीला हेच प्राणी घ्या म्हणतो त्याचं निम्मं कारण हे आहे. उंदीर घेतलात तर सीसीएसईए या प्राणी-प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीच्या नियमांत बसणारी संस्थेची समिती लागते आणि ती वर्षातून मोजक्याच वेळा भरते. जनुक बदललेल्या माश्या असतील तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला कळवावं लागतं. माणसाचं रक्त, लाळ, काहीही घेणार असाल तर एथिक्स कमिटी. आणि आरोग्याच्या संशोधनात परदेशी पैसा किंवा भागीदार असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावं लागतं. आपल्या वनस्पतीचा नमुना संशोधनासाठी परदेशी भागीदाराला द्यायचा असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाला विचारा, पाकीट कुरिअरला देण्याआधी.

पायरी पाचवी: हिशोब

तो उन्हाळ्याचा प्रयोगच घेऊ. दोन आहार, दोन तापमानं, नर आणि मादी वेगळे: आठ गट. प्रत्येकी १२० माश्या म्हणजे ९६०. एका नळीत २०, म्हणजे ४८ नळ्या. आठवड्यातून तीनदा ताज्या नळीत हलवायच्या, म्हणजे आठवड्याला १४४. असे अकरा आठवडे धरले तर दीड हजारावर नळ्या, प्रत्येकीत तो पातळ सांजा. हे कोण करणार? विद्यार्थी फुकट करतील असं बजेटमध्ये लिहू नका, तसं ते करतही नाहीत आणि करू नये. माझा ढोबळ आकडा असा निघतो: दोन इन्क्युबेटर एक लाख ऐंशी हजार, सहा महिन्यांसाठी एक सहायक महिना वीस हजारांनी एक लाख वीस हजार, नळ्या-आगर-यीस्ट-कापूस ऐंशी हजार, वीज गेली तर इन्क्युबेटर चालू ठेवणारा बॅकअप साठ हजार, आणि दहा टक्के ओव्हरहेड. पाच लाखांच्या आत बसतं. तुमचे भाव वेगळे असतील, म्हणून अर्जाआधीच तीन दुकानदारांची कोटेशन मागवून ठेवा. पैसा आल्यावर मागवलीत तर तिथेच दीड महिना जातो.

रक्कम वाढवून मागू नका. दहा हजार डॉलर म्हणजे साधारण नऊ लाख रुपये, आणि पाच लाखांच्या कामासाठी पन्नास लाख मागणारा अर्ज मी परीक्षक असतो तर पहिल्याच पानावर मिटला असता.

मोजक्या अनुदानाचा जुना दाखला याच शहरात आहे. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकरांना कोलंबियात शिकायला तीन वर्षं महिना साडेअकरा पौंड दिले, आणि त्या बदल्यात परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी असा करार होता. रक्कम मोजकी, मुदत ठरलेली, अट लेखी. ते परत आले तेव्हा, १९१७ मध्ये, याच शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. तेव्हा ते ज्याखाली बसले ते सयाजीबागेतलं झाड इथल्या सगळ्यांना माहीत आहे. शिष्यवृत्तीची गोष्ट सांगताना आपण बडोदेकर दुसरा भाग गिळतो, म्हणून लिहिला.

पायरी सहावी: आता अर्ज

इथवर आलात तर अर्ज एका संध्याकाळी होतो. दोन पानं. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, आणि तो अजून कोणी का विचारला नाही. दुसऱ्यात प्रयोग, आकड्यांसह, वर दिले तसे. तिसऱ्यात तुम्ही चुकीचे ठरू शकता अशा जागा आणि त्या कशा पकडणार. मग हा पैसा नेहमीच्या वाटेने का मिळत नाही ते एका ओळीत. "संस्था लहान आहे" हे कारण चालतं, "फार नवं आहे म्हणून समिती घाबरते" हे त्याहून चांगलं. शेवटी एक वाक्य: नोंदणी चालू आहे, परवानगी लागत नाही, कोटेशन हाताशी आहेत, पैसे आल्यापासून तिसऱ्या आठवड्यात पहिल्या नळ्या भरू. असं खरं वाक्य फार कमी अर्जांत असतं.

"वृद्धत्व थांबवणारं औषध" असले शब्द काढून टाका. इंग्रजी मोडकं असेल तर असू द्या, पण मराठीत विचार करून कोणाकडून तरी एकदा वाचून घ्या. एआयकडून लिहून घेतलेला गुळगुळीत अर्ज परीक्षकाला तिसऱ्या ओळीत ओळखू येतो.

नकार बहुधा कारणाशिवाय येतो. त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका, तीच दोन पानं पुढच्या ठिकाणी चालतात.

पैसे आल्यावर

पहिल्याच आठवड्यात एक वही करा: तारीख, बिल नंबर, रक्कम, कशासाठी. पैसा कशावर खर्च झाला याचं उपयोगिता प्रमाणपत्र मार्चअखेर मागतात आणि तेव्हा सगळ्यांची धावपळ असते. निकाल 'फरक नाही' आला तरी कच्चे आकडे, नळीनिहाय, प्रीप्रिंटसोबत (नियतकालिकात छापून येण्याआधी इंटरनेटवर ठेवलेल्या निबंधासोबत) टाका. छोट्या अनुदानाचे देणारे पुढच्या वेळी ते बघतात.

आणि प्रयोगाची तारीख पंचांग बघून ठरवा, अक्षरशः. नवरात्रात बडोद्यात रात्री गरब्याच्या वेळेला माशी हलवायला कोणी सापडत नाही, आणि सकाळी जो येतो तो झोपेत असतो. दिवाळीनंतर सुरू केलंत तर अकरा आठवडे जानेवारीअखेर संपतात, पण मध्ये उत्तरायणाचे दोन दिवस येतात आणि सगळं शहर गच्चीवर असतं. त्या दोन दिवसांच्या ड्युटीवर आत्ताच दोन नावं लिहा. एक माझं लिहिलंत तरी चालेल, मला पतंग उडवता येत नाही.